शिक्केवाल्याची खात्री

कागद खोटं बोलतो, माणूस तर बोलतोच बोलतो, पण शिक्का खोटं बोलत नाही, असं शिक्केवाल्याचं ठाम मत होतं. आता ज्याचं पोट शिक्क्यांवर चालतं त्याचं मत दुसरं काय असणार? दीड माणूस मावेल एवढ्या दुकानात तो बावीस वर्षं रबर कोरत बसला होता. उलटी अक्षरं तो सुलट अक्षरांपेक्षा भराभर वाची. बायको म्हणे, "यांच्याशी सरळ बोलून उपयोग नाही, उलटं बोललं की लगेच कळतं." बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, त्यामुळे कशाचा डाग निघतो नि कशाचा नाही हे तिला चांगलं माहीत होतं.

त्यांना एकच मुलगी. सारखी काहीतरी कुरतडत असायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. खारू सहावीत होती आणि वर्षभर एकाच गोष्टीच्या मागे होती: विज्ञानशाळेची प्रवेश परीक्षा. ही परीक्षा सहावीतच देता येई, तीही एकदाच. त्या दिवशी बसला नाहीत तर पुन्हा दार उघडायचं नाही. खारूबरोबर तिची मैत्रीण काडीही अभ्यास करायची. काडी उंच नि किडकिडीत होती. दोघींत काडी हुशार, हे शिक्केवालाही मनातल्या मनात कबूल करायचा, उघड मात्र कधी म्हणाला नाही. परीक्षा रविवारी सकाळी दहाला, दोघींच्याच शाळेत होती.

शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला शिक्केवाला एका पतपेढीचा गोल शिक्का लाकडी मुठीला चिकटवत होता, तेवढ्यात फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. सहावीच्या पालकांच्या गटावर कुणीतरी एका नोटिशीचा फोटो टाकला होता. शाळेचं नाव, खाली चार ओळी: मुख्य जलवाहिनी फुटल्याने येत्या रविवारी होणारी विज्ञानशाळा प्रवेश परीक्षा आठ दिवसांनी पुढे ढकलण्यात येत आहे. त्याखाली एक गिचमिड सही आणि निळा शिक्का.

मग जो गोंधळ सुरू झाला त्याला तोड नव्हती. एकजण म्हणे पुढे ढकलली, दुसरा म्हणे रद्दच झाली. तिसरीच्या जावेच्या ओळखीत कुणीतरी होतं, त्याच्या मते पेपर फुटला होता, पाइप फुटला हे नुसतं निमित्त. चौथ्याने विचारलं की आठ दिवसांनी म्हणजे पुढचा रविवार की पुढचा सोमवार. एका आजोबांनी मधेच गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवलं, दुपारी सव्वा वाजता. "परीक्षा आहे का नाही एवढंच सांगा," असं एका आईने सात वेळा लिहिलं, आणि सात वेळा तिला सात वेगळी उत्तरं मिळाली. शाळेच्या कार्यालयाचा फोन वाजून वाजून बंद होई. शनिवारी ते बाराला मिटतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

शेवटी कुणीतरी लिहिलं, "अहो, शिक्केवाले आहेत ना गटावर! भाऊ, तुम्हीच बघा."

शिक्केवाल्याने पतपेढी बाजूला ठेवली. भिंग काढलं, फोनवर धरलं. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. शिक्क्याच्या कडेला, खाली डावीकडे, नखाएवढी खाच होती. त्याला हसू आलं. ती खाच त्याच्याच हातची. ऐन कोरताना पातं सटकलं होतं, रबराची कपची उडाली होती, आणि शाळेचा शिपाई दारात उभा असल्याने त्याने तो तसाच दिला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याने फोन तोंडाशी धरला आणि दुकानाबाहेरच्या रस्त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलला:

"मंडळी, शिक्केवाला बोलतोय. हा शिक्का मी स्वतःच्या हाताने कोरलाय. डावीकडे खाच आहे बघा, ती माझीच. नोटीस शंभर टक्के खरी. परीक्षा पुढच्या रविवारी. निर्धास्त राहा."

अंगठ्यांचा पाऊस पडला. बघता बघता गट शांत झाला. बावीस वर्षांत शिक्केवाल्याचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते फार गोड लागलं.

तेवढ्यात शाळेच्या ग्रंथपाल बाईंचा निरोप आला. "नोटिशीवर तारीख दिसत नाही, वरचा भाग कापलेला आहे. शाळेच्या संकेतस्थळावर अशी नोटीस नाही. मी चौकशी करते आहे. तोवर परीक्षा उद्याच आहे असं धरून चालावं."

शिक्केवाल्याच्या कपाळावर आठी चढली. या बाईंनी महिन्यापूर्वी पालकांसाठी एक वर्ग घेतला होता, शाळेबद्दलची बातमी फोनवर आली तर ती तपासायची कशी. तीस खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं आली सात. शिक्केवालाही गेला होता, हाताची घडी घालून मागे बसला होता. बाई पोटतिडकीने सांगत होत्या की फोटो खरा असला तरी तो कधीचा आहे ते बघा, आणि मूळ ठिकाणी जाऊन विचारा. त्यावर त्याने एक विनोद केला होता, "बाई, आम्ही विचारत नाही, आम्ही कोरतो." सहाजण हसले होते. बाई हसल्या नव्हत्या, त्यांनी नुसती फळ्यावरची पुढची ओळ वाचली होती. आता परत तेच नाकाने कांदे सोलणं! त्याने लिहिलं, "बाई, शिक्का ओळखायला संकेतस्थळ लागत नाही," आणि गटाचा आवाज बंद करून टाकला.

घरी खारूने पुस्तकं पलंगाखाली ढकलली आणि ती उताणी पडून छताकडे बघत राहिली. आठ दिवस जास्तीचे मिळाले याचा आनंद करायचा की आणखी आठ दिवस अभ्यासात काढायचे याचं दुःख, हे तिला कळत नव्हतं. "बाबा, पण बाई म्हणतायत..." तिने सुरुवात केली.

"बाई पुस्तकं सांभाळतात. शिक्के मी सांभाळतो," शिक्केवाला म्हणाला.

संध्याकाळी काडीची आई आली. ती लांब पल्ल्याची बस चालवायची. अंगावर गणवेश तसाच होता, किल्ल्यांचा जुडगा बोटात. दारातच उभी राहिली.

"भाऊ, बसत नाही. एकच विचारायला आले. नक्की ना? उद्याची रजा मी महिन्यापूर्वी टाकलीये. परीक्षा नसेल तर रजा परत करते, पुढच्या रविवारची मागते. आमच्याकडे दोन रविवार सलग देत नाहीत. आणि काडीला माझ्याच गाडीने आजीकडे सोडते, किती दिवस झाले म्हातारीने तिला बघितलं नाही."

"ताई, माझा शब्द आहे," शिक्केवाला म्हणाला.

"त्या बाई लिहितायत ना, म्हणून म्हटलं."

"बाई भल्या आहेत. पण ज्याचं काम त्यानं करावं."

काडीची आई हसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला त्याला स्पष्ट दिसला. "झालं तर मग," ती म्हणाली आणि गेली. तिची बस पहाटे पाचला सुटायची आणि आजीच्या गावाला आठला पोचायची.

रविवारी सकाळी साडेसातला चहा घेताना शिक्केवाल्याला लहर आली. आदल्या दिवसाच्या पराक्रमाची खारूला नीट कल्पना यावी म्हणून त्याने नमुनावही काढली. केलेल्या प्रत्येक शिक्क्याचा एक ठसा तो या वहीत तारखेसह उमटवून ठेवायचा. "ये, तुला खाच दाखवतो," असं म्हणत त्याने शाळेचं पान उघडलं.

पानावर दोन ठसे होते.

पहिला सात वर्षांपूर्वीचा, खाचेचा. दुसरा दोन वर्षांपूर्वीचा, कडा स्वच्छ. शिक्केवाला बघतच राहिला. दुसरा केव्हा केला? मग हळूहळू आठवायला लागलं. नव्या मुख्याध्यापिकांना खाचेचा शिक्का पसंत नव्हता. त्यांनी नवा मागितला होता, आणि तो त्याने हाताने न कोरता मशिनवाल्याकडून कापून आणून नुसता मुठीला चिकटवला होता. हाताने कोरलेला शिक्का त्याच्या डोक्यात राही, मशिनचा राहत नसे. धंद्याचा नियम असा की नवा शिक्का देताना जुना जमा करून घ्यायचा आणि त्याचे तुकडे करायचे. जुना त्याने जमा करून घेतला होता. तुकडे करायला मात्र हात धजला नव्हता.

तो उठला, कपाटाचा खालचा खण ओढला. सुईदोऱ्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेला, खाचेचा शिक्का त्याच्याच घरात होता.

मग हा काल शाळेत मारला कोणी? शिक्केवाल्याचं डोकं चालेना. एक क्षण त्याला वाटलं की घरात चोर शिरला, शिक्का नेला, मारला आणि परत आणून ठेवला. मग वाटलं, दुसऱ्या कुणी हुबेहूब खाच पाडून नकली शिक्का केला. मग, आपणच झोपेत... त्याने शिक्का पालथा करून अंगठा फिरवला. रबर कोरडं ठणठणीत, त्यावर धूळ.

"अगं, हा शिक्का कुणी हलवला होता का?"

"मला काय करायचाय तुमचा शिक्का?" बायको आतून म्हणाली.

खारू मात्र फोनवरच्या फोटोकडे बघत होती. "बाबा, ही सही आपल्या जुन्या मोठ्या बाईंची आहे. माझ्या पहिलीच्या, दुसरीच्या प्रगतिपुस्तकावर अशीच आहे. त्या तर मी चौथीत जायच्या आधीच निवृत्त झाल्या."

शिक्केवाल्याने सहीकडे पहिल्यांदा पाहिलं. काल त्याने भिंग लावलं होतं ते फक्त कडेवर. सही पाहिली नव्हती, तारीख नाही हेही पाहिलं नव्हतं. शिक्का खरा होता, सही खरी होती, पाइपही खरोखर फुटला असणार, पण दोन-तीन वर्षांपूर्वी कधीतरी. नोटिशीतलं काहीच खोटं नव्हतं. तरीही आज परीक्षा होती. हे दोन्ही एकाच वेळी कसं, हे कळायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चहा गार झाला.

पावणेआठ वाजले होते.

"खारू, कपडे घाल," तो म्हणाला, आणि गटावर लिहिलं: "थांबा. नोटीस जुनी आहे. परीक्षा आजच. दहा वाजता."

आता हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे त्याला कळलं. पहिलं उत्तर आलं, "कशावरून?" दुसरं, "असल्या अफवांवर विश्वास ठेवू नका, शिक्केवाले स्वतः काय म्हणालेत ते ऐका," आणि खाली त्याचाच कालचा आवाज. "अहो, मीच शिक्केवाला!" त्याने लिहिलं. "काल तुम्ही बोलला होता, आज लिहिताय. फोन कुणी पळवला नसेल कशावरून?" मग तो बोलला. आता गटावर त्याचे दोन आवाज झाले, एक म्हणे पुढच्या रविवारी, एक म्हणे आज. कालचा आवाज ठणठणीत होता, आजचा चिरका. लोकांना कालचाच खरा वाटला. तेवढ्यात दुसऱ्या गावाहून मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, खारूला पाठवू नका हं, परीक्षा पुढे गेलीये. शिक्क्यांच्या एका मोठ्या तज्ज्ञाने तपासून सांगितलंय, आमच्या गटावर आलंय."

"तो तज्ज्ञ मीच आहे!" शिक्केवाला ओरडला.

"मग ठीकच आहे की," मेव्हणा म्हणाला.

ग्रंथपाल बाई साडेसातपासून शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी आसनव्यवस्थेच्या फलकाचा फोटो टाकला होता, आजच्या तारखेसकट. त्यावर एकाने विचारलं होतं की हा फोटो कधीचा. काल शहाणपण कुणी वापरलं नव्हतं, आज सगळ्यांना एकदम आलं होतं. शिक्केवाल्याने लाज गिळली आणि बाईंना फोन लावला.

"बाई, मी... तो शिक्का..."

"ते नंतर," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "लिहू नका आता. जेवढं लिहाल तेवढा गुंता. एकेकाला फोन करा, तुमच्या तोंडून ऐकू दे, त्यांना उलटे प्रश्न विचारू दे. वरचे वीस मी करते, खारू सोडून खालचे वीस तुम्ही करा. आणि आधी सांगा की काल तुम्ही चुकलात. नाहीतर आज बरोबर आहात हे कुणी मानणार नाही."

त्याचे एकोणीस घरी फोन लागले. एकोणीस वेळा म्हणाला, "मी शिक्केवाला, काल मी चुकलो." पाचव्यांदा म्हणताना डोळ्यांत पाणी आलं, दहाव्यांदा म्हणेपर्यंत त्याला रडायलाही वेळ नव्हता. एका बापाने शिव्या दिल्या. एका आईने विचारलं, "भाऊ, तुम्ही खरंच तुम्हीच ना?"

काडीच्या आईचा फोन बंद होता. गाडी चालवताना ती तो बंदच ठेवायची. डेपोतल्या कारकुनाने सांगितलं की बस आठलाच पोचली, मुलगी उतरली, आणि गाडी पुढच्या गावाला गेली. शिक्केवाल्याने खारूकडून आजीचा नंबर घेतला. म्हातारी म्हणाली, "कोण? शिक्के? आम्हाला नकोत शिक्के," आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर म्हणाली पोर दमून झोपलीये, उठवणार नाही. उठवूनही काय होणार होतं? सव्वानऊ झाले होते आणि रस्ता तीन तासांचा.

दहाला पाच कमी असताना शाळेच्या फाटकातून पोरं आत धावत होती, कुणाचे केस विस्कटलेले, कुणाच्या पायात घरातली चप्पल. एक मुलगा दात घासायच्या ब्रशसकट आला होता. बाई यादीवर खुणा करत होत्या. एक्केचाळीसपैकी चाळीस.

"बाबा, काडी?" खारूने विचारलं.

"तू आत जा," तो म्हणाला.

"ती येतेय ना?"

"जा, खारू. घंटा होईल."

ती गेली, पण दोनदा वळून बघत गेली, आणि ती पेपर नीट लिहिणार नाही हे त्याला तिथेच कळलं.

साडेतीनला शिक्केवाला बसस्थानकावर उभा होता. बायको म्हणाली होती, मी येते बरोबर. तो नको म्हणाला. परतीची बस फलाटाला लागली, माणसं उतरली, आणि सगळ्यात शेवटी काडीची आई चालकाच्या दारातून खाली आली. शेवटच्या थांब्यावर तिने फोन सुरू केला होता, तेव्हा सगळे निरोप एकदम कोसळले होते. परत येताना तिने काडीला आजीकडून उचललं होतं. गाडी तिला वेळेआधी पळवता येत नव्हती.

तो तोंड उघडणार, तोच तिने हात वर केला. "मला कळलंय, भाऊ. काल रात्री झोपताना मी त्या बाईंना फोन लावणार होते. मग म्हटलं, भाऊंनी शब्द दिलाय, उगीच कशाला." ती बसकडे बघत म्हणाली, "तिला सांगितलं मी. ती ऐकतच नाही."

काडी पहिल्या सीटवर बसली होती, मांडीवर गणिताची वही उघडी. शिक्केवाला पायरी चढून वर गेला. त्याला बघून तिचा चेहरा फुलला.

"बरं झालं काका आलात! तुम्हीच सांगा आता आईला. तिला फोनवर कुणीतरी काहीबाही पाठवलंय, म्हणे परीक्षा आजच झाली. मी सांगितलं तिला, काकांनी शिक्का तपासलाय, परीक्षा पुढच्या रविवारी आहे. गाडीत मी अख्खा अपूर्णांकांचा धडा संपवला."

शिक्केवाला शेजारच्या सीटवर बसला.

"काडी, परीक्षा आज झाली."

"कोण म्हणतं?"

"मी."

तिने भुवया आवळल्या. "मग काल पुढच्या रविवारी कोण म्हणालं?"

"कालही मीच म्हणालो."

काडी त्याच्याकडे बघत राहिली, मग खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आईकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. यातला खरा काका कोणता धरायचा हे तिला कळत नव्हतं. वही तिने मिटली नाही, पेन्सिल अजून बोटांत होती, आणि तो पुढे काहीतरी सांगेल म्हणून ती वाट बघत होती.